पाण्याची हाळी

चार दिवस झाले, झड लागली आहे. आमच्या भागातली भादव्याची झड ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही, आणि मी सांगितली तर कोणी खरी धरायचं नाही. पाऊस येतो आणि जातो. झड येते आणि मुक्काम करते. ना वीज, ना गडगडाट. आभाळ खाली उतरून घरांच्या धाब्यावर कोपर टेकतं आणि बारीक धार सोडून नुसतं बसून राहतं. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटीतल्या काड्यांचा गूळ होतो, मुगाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. आमच्या एका चुलत्याच्या टोपीवर अशाच झडीत सात्या उगवल्या होत्या, त्या पांढऱ्या पावसाळी छत्र्या. काकूने टोपी डोक्यावरून न काढताच त्या खुडल्या आणि भाजी टाकली. चुलत्याने दोनदा मागून खाल्ली.

ही सात्यांची गोष्ट मी पन्नास वर्षं सांगतो आहे. सुरुवातीला एकच साती होती. आमच्या गावात मला कोणी खोटारडा म्हणत नाही, हे गावाचं मोठेपण. 'आबा रंगवून सांगतात,' एवढंच म्हणतात. माझ्या गोष्टीत खरं असतंच, भाकरीत मीठ असतं तेवढं. अन् मिठाएवढं खरं पुरतं, असं मला फार वर्षं वाटत आलं.

नात प्राजक्ता महालक्ष्म्यांसाठी पुण्याहून आली आहे. आल्या आल्या तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. अंगाला चिकटलेले काळे कपडे, गळ्यात पदक, केसांतून पाणी निथळतंय, मागे फेसाळलेला तलाव.

"आबा, याला स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणतात. साडेसातशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर पळायचं. आणि त्या दिवशी असलं वारं होतं, अर्धे लोक पाण्यातूनच परत फिरले."

"बाई, हे तर आम्ही दुष्काळानंतर तिसऱ्या वर्षी लंगोटावर केलंय," मी म्हणालो. "आमच्या वेळच्या लाटांना तर शिंगं होती."

"माहितीय. मैत्रिणींना मी तीच गोष्ट सांगते. सांगा ना परत. ते सुखदेव आजोबा सायकल खांद्यावर घेऊन येतात, ते सांगा."

सगळ्यांना तेच हवं असतं. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, मरणाच्या बैठकीतही तिसऱ्या दिवशी कोणीतरी हळूच म्हणतं, 'आबा, ते सायकल खांद्यावर घेतलेलं सांगा ना.' मी उठून उभा राहतो, पाठीला बाक देतो, खांद्यावर नसलेली सायकल घेतो आणि चिखलातून पाय उपसत चालून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. माझ्या सगळ्या पदरच्या गोष्टींत ही एकच संपूर्ण खरी आहे, आणि तिच्यावरच लोक सर्वांत जास्त हसतात. या वेळी मी उठलो नाही. गुडघे दुखतात म्हणालो. तेही रंगवूनच सांगितलं.

तळ्यापासून सुरुवात केली पाहिजे. ते तळं आम्ही खोदलेलं. दुष्काळी कामावर सगळं गाव होतं. ज्यांच्या घरी चार बैलजोड्या होत्या त्यांनीही वैरण संपल्यावर घमेली उचलली. मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरी, कामावर वाटायच्या सुकडीचा तो गोडसर भुगा, आणि दिवसभर कुदळींचा आवाज. आमचा बाप तीस एकरांचा मालक. तोही एका रांगेत बसून गिट्टी फोडत होता, आणि त्याच्या शेजारी बौद्धपुऱ्यातली गिरजाबाई फोडत होती. गिरजाबाई म्हणजे सुखदेवची माय. ती माझ्या बापापेक्षा दुप्पट फोडायची. बाप घरी येऊन हाताचे फोड दाखवायचा, आणि माय म्हणायची, "गिरजाला नाही आले का हो फोड?"

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला आणि तळं भरलं. एवढं पाणी एका जागी आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका काठावर जाऊन नुसत्या बघत बसायच्या. आणि या पाण्यात एक गोष्ट वेगळी होती, जी तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. ते कोणाच्या मालकीचं नव्हतं. आमच्या मळ्यातली विहीर आमची होती, मी तिथे पोहायला शिकलो, पाठीला सुका भोपळा बांधून. सुखदेव माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. पण आमच्या विहिरीत तो कधी उतरला नाही. त्याला कोणी उतरू दिलं नसतं, आणि मी कधी त्याला 'चल' म्हटलं नाही. तो पोहायला शिकला ते या तळ्यात, अठराव्या वर्षी, आपल्या मायने फोडलेल्या दगडांच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उडी मारून. दोन वर्षांत असा पोहू लागला की बघत राहावं. आम्ही पाण्याशी मारामारी करायचो. तो पाण्याची समजूत काढत पुढे सरकायचा.

शर्यत काढली ती इंगोले मास्तरांनी. ते ड्रिलचे मास्तर, अमरावतीला शिकून आलेले, छाती एवढी पुढे की वर्गात आधी छाती यायची, मग मधली सुट्टी व्हायची, मग मास्तर यायचे. त्यांनी एक दिवस फळ्यावर लिहिलं: 'त्रिवेणी शर्यत.' गावाजवळ तळं आहे, सडक आहे, पाय आहेत, तर तिन्ही एका दमात का नको? तळं पोहून पार करायचं. पलीकडच्या काठावरून सायकल घ्यायची, अनसिंगच्या बाजारापर्यंत जायचं, तिथे फिरल्याची खूण म्हणून गळ्यात झेंडूची माळ घालायची, त्याच सडकेने परतायचं. गावाच्या अलीकडे दोन मैलांवर नाला होता. नाला ओलांडला की सायकल बाभळीला टेकवायची आणि तिथून शाळेच्या मैदानापर्यंत पळत.

आणि बक्षीस? वाशीमच्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी नवी कोरी सायकल दिली होती. हिरवी. ती शाळेच्या व्हरांड्यात पंधरा दिवस उभी होती आणि गावातली सगळी माणसं काही ना काही काम काढून शाळेत जात होती. आमच्या बापाने तिची घंटी वाजवून पाहिली आणि मागे वळून, ती आपण वाजवलीच नाही असा चेहरा केला.

सुखदेवला ती सायकल पाहिजे होती. हौसेने नव्हे. वाशीमच्या कॉलेजात त्याचं नाव लागलं होतं. पावसाळ्यात आमच्या गावाला एसटी येत नव्हती. वाशीमला खोली करून राहणं गिरजाबाईच्या आवाक्यातलं नव्हतं. सायकल असली तर पोरगं रोज जाईल, रोज येईल, नसली तर नाही. इतकं सरळ होतं ते. गिरजाबाई त्या व्हरांड्यात एकदाच आली. सायकलीला हात लावला नाही. मला म्हणाली, "वसंता, हे चाक पाह्य. ह्याच्यावर माह्या पोराची पंधरावी हाय."

पंधरावी म्हणजे बी.ए. दहा अन् पाच. हिशोब तिचा तिने केला होता.

मला सायकल कशाला पाहिजे होती? नव्हतीच पाहिजे. आमच्या घरी होती, तेल पाजलेली, वाऱ्यासारखी पळणारी. पण मी गिरणीत बोलून बसलो होतो. दळणाच्या रांगेत वीस माणसं उभी, पट्ट्याचा आवाज, आणि माझी जीभ. "ही शर्यत मी मारतो," म्हणालो, "नाही मारली तर अर्धी मिशी भादरून गावातून फिरतो." मिशी ती काय, वरच्या ओठावर ओळीने बसलेल्या मुंग्या. पण वीस जणांनी ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी. न्हाव्याने मला बोलावून विचारलं, "कोनती बाजू ठेवायची, डावी का उजवी?"

सुखदेव तेवढा हसला नाही. मी सांगितलेल्या गोष्टी गावात कोणी खऱ्या धरत नसे, हा धरायचा. चुलत्याच्या टोपीवरच्या सात्यांबद्दलही त्याने काळजीने विचारलं होतं, "मंग काकाचं डोकं नाई दुखलं काय बे?"

आता एक रिवाज सांगतो. याच्यात मी पदरचं काही घालत नाही.

आमच्या बाजूला नाले साधे दिसतात. उन्हाळ्यात त्यांच्यात गुरं बसतात. पण वर कुठे कोसभरावर पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाण्याची भिंत येते, बैलगाडीसकट माणूस नेते. म्हणून कोणी नाल्यावर असला आणि त्याला पाणी चढताना दिसलं की तो हाळी देतो: 'पानी आलं हो!' ही हाळी ऐकणाऱ्याने विचारायचं नसतं, किती आलं, कुठवर आलं. पुढे जाऊन बघायचं नसतं. बघायला गेलेले परत आलेले नाहीत. जिथे असेल तिथून मागे फिरायचं. हाळी देणारा वैरी असला तरी फिरायचं, कारण बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊही ही हाळी कधी खोटी देत नाहीत. आमच्या आज्याने मला लहानपणी सांगितलं होतं, "लेका, तुही जीभ लय चालते. चालू दे. पन पान्याच्या बाबतीत नाई."

शर्यतीच्या दिवशी झडीचा पाचवा दिवस होता, आणि त्यात वारं सुटलं. मास्तरांनी शर्यत पुढे ढकलावी असं सरपंचांनी सुचवलं. मास्तर म्हणाले, "खेळाडू हा लोखंडाचा असतो." त्यावर सरपंच म्हणाले, "लोखंड बुडते ना मास्तर." पण शेटजी वाशीमहून येऊन बसले होते. तेरा जण पाळीवर उभे राहिलो, लंगोट लावून, अंगाला गोडंतेल चोळून, थंडीने दात वाजत. गाव पोत्यांच्या खोळी पांघरून समोर उभं. लांबून वाटत होतं धान्याची पोतीच शर्यत बघायला आलीत.

मास्तरांनी शिट्टी मारली. तळ्यात लाटा होत्या, इथे शिंगं काढून टाकतो, वीतभर लाटा होत्या. पण वीतभर लाट नाकासमोर आली की पुरते. आणि माझी दुसरीच पंचाईत झाली. विहिरीत शिकलेला माणूस गोल पोहतो. त्याला सरळ जायची सवयच नसते. दहा हात मारले की भिंत येते आणि तो वळतो. मी डोळे मिटून हात मारले, बरंच अंतर तोडलं, डोळे उघडले तर समोर मास्तर. "अबे, तिकडं जायचंय!" गाव खदखदून हसलं. चौघे तर पहिल्याच लाटेत परत फिरले. मी वळलो, पुन्हा निघालो, आणि काठाला लागलो तेव्हा सुखदेव केव्हाच सायकलवर बसून दिसेनासा झाला होता.

त्याची सायकल अनसिंगहून भाड्याने आणलेली. तिची साखळी दर अर्ध्या मैलाला उतरायची. माझी घरची. सडक मुरमाची, दुष्काळातच टाकलेली, पावसातही चाक धरणारी. समोरून वारं असं की पायडल थांबवलं तर सायकल मागे जाईल. गेलीही एकदा. बाजारात माळ गळ्यात पडली, मी वळलो, आणि परतीच्या वाटेवर एका निंबाखाली सुखदेव उकिडवा बसलेला दिसला, हात काळे, गळ्यात झेंडू, साखळी चढवत.

"काय बे, अडकला?" मी ओरडलो.

"जाय, जाय," तो हसत म्हणाला. "मी आलोच मांगून. तुही मिशी म्या ठेवत नसतो."

तो खरंच येणार होता. पळण्यात त्याला कोणी धरू शकत नव्हतं. मी पुढे झालो, पण मान वळवून पाहिलं की मागे तो होताच, कधी तीनशे पावलांवर, कधी दोनशे. नाल्याशी पोचलो. पूल नव्हता तेव्हा, दगडी रपटा होता, पाणी त्याच्यावरूनच वाहायचं. तिथे मास्तरांनी एक माणूस उभा केला होता. तो पावसाला कंटाळून घरी गेला होता. रपट्यावर पाणी होतं. घोट्याएवढं. गढूळही नव्हतं नीट. मी सायकल हातात धरून पलीकडे गेलो, बाभळीला टेकवली आणि मागे वळलो.

सुखदेव पलीकडच्या उतारावर आला होता. मला त्याच्या गळ्यातली पिवळी माळ दिसत होती. मग मी तोंडाभोवती हात धरले.

"पानी आलं होऽऽ! फिर मांगं!"

मी विचार करून ओरडलो नाही, असं स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण हात तोंडाभोवती धरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस विचार करू शकतो. मी केला.

त्याने ब्रेक लावला. कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडलो. पावसातून त्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"तू नीट पार झाला ना बे?"

"झालो!"

"मंग जाय! मी गाडवाटेनं येतो!"

तो वळला. एकदाही पुढे येऊन पाहिलं नाही. दोनशे पावलांवर घोट्याएवढं पाणी होतं, आणि तो वळला, कारण तसंच करायचं असतं.

गाडवाट म्हणजे नाल्याच्या उगमाला वळसा घालून येणारी तीन मैलांची वाट, सगळी काळ्या रानातून. आमची काळी माती झडीत काय करते ते आमच्याकडच्या लेकराला विचारा. आधी ती चाकाला लागते, मग मडगार्डात भरते, मग चाक फिरणं बंद होतं, आणि त्यानंतर माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. शहाणे लोक आधीच मडगार्ड काढून ठेवतात. भाड्याच्या सायकलीचं मडगार्ड काढू देत नाहीत. ती टाकूनही येता येत नाही. त्याने ती खांद्यावर घेतली.

मी पळालो. कोणी मागे नसताना मी इतका जोरात कधी पळालो नाही. मैदानावर डफडं वाजलं, शेटजींनी हार घातला, न्हाव्याने हळहळून वस्तरा मिटला. आणि मग, अर्ध्या तासाने, वर कुठेतरी आभाळ फुटलं. धो धो पाऊस. नाल्याला खरोखरच पाणी आलं, कमरेच्या वर, झाडं वाहून नेणारं. माझ्या मागे दोघेच स्पर्धक उरले होते, बाकीचे वाऱ्यापुढे हात टेकून अनसिंगच्या बाजारातच थांबलेले; ते दोघे पलीकडेच अडकले आणि दुसऱ्या दिवशी परतले. ते म्हणाले, वसंता म्हणत होता ते खरं, नाला भयंकर होता. माझ्या खोट्याला पावसाने साक्ष दिली. आयुष्यात इतका चांगला साक्षीदार मला पुन्हा मिळाला नाही.

दिवेलागणीला सुखदेव आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, फक्त डोळे पांढरे, खांद्यावर सायकल, तिलाही चिखलाची दुसरी सायकल चिकटलेली. गळ्यातली माळ दोऱ्यापुरती उरलेली. लोक हसले. पहिला मी हसलो, हेही सांगून टाकतो. त्याने खांद्यावरचं ओझं उतरवायच्या आधी विचारलं, "वसंता पोचला काय नीट?"

गिरजाबाई पोत्याखाली उभी होती. ती हसली नाही, रडलीही नाही. पदराने पोराचं तोंड पुसत म्हणाली, "चाल, पानी तापवलंय."

सुखदेव कॉलेजात गेला. दिवाळीपर्यंत गेला. कधी दुधाच्या गाडीवर, कधी पायी, कधी अनसिंगला कोणाच्या ओसरीवर झोपून. दिवाळीनंतर सडकेच्या गँगवर लागला. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं. जन्मभर त्याने त्याच सडकेवर मुरूम टाकला. हिरवी सायकल आमच्याकडे होती. आमचा बाप तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या आणायचा. एकदा मी ती घेऊन त्याच्या दारात गेलो होतो. "ने तू ही," म्हणालो, "मले घरची हाय." त्याला राग आला. एकदाच आला माझा राग त्याला. "तुह्या जिवावर बेतलं होतं त्या दिवशी, अन् उभा राहून मले हाळी देत होता. ती तुही कमाई हाय. मी कायले नेऊ?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दार उघडं होतं, माणूस समोर होता, सायकल हातात होती, कॉलेज सुटून महिनाच झाला होता. मी घंटी वाजवत परत आलो.

त्यानंतर काही वर्षांनी एकदा मी बैलगाडी घेऊन त्याच नाल्यावर येत होतो. पलीकडून कोणीतरी हाळी दिली. माझ्यापुढच्या दोन गाड्या तिथल्या तिथे वळल्या, बैलांच्या माना मुरगळून. मी मात्र कासरा हातात धरून उभा राहिलो. मला वाटलं, कशावरून? साऱ्या पंचक्रोशीत ही हाळी खोटी असू शकते हे माहीत असलेला मी एकटा होतो. पुढच्या गाडीवाल्याने शिवी हासडली तेव्हा मी बैल वळवले. दोन मिनिटांनी पाणी आलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि बायकोला मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

परवा महालक्ष्म्यांचं जेवण झालं आणि प्राजक्ता हट्टाला पेटली. "मला सुखदेव आजोबांना भेटायचंय. तुम्ही सोडून, माझ्याआधी ट्रायथलॉन केलेले माझ्या माहितीतले दुसरे तेच आहेत." मग गेलो, छत्र्या घेऊन. मी पुढे, ती मागे. सुखदेवचं आता स्लॅबचं घर आहे. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली नातीचा नर्सिंगच्या टोपीतला फोटो. गिरजाबाई जाऊन वीस वर्षं झाली. सुखदेव बाजेवर पाय घेऊन बसला होता, कान थोडे गेलेत, हसणं तसंच.

प्राजक्ताने त्याला मोबाइल दाखवला. त्याने तो दूर धरून, जवळ धरून नीट पाहिला. "वा रे माझी माय! पाण्यातून सायकलीवर, ओल्या अंगानंच? तुह्या आज्याचं रगत हाय." मग सुनेला हाक मारली. "चहा ठेव वं. ह्यायले ओळखते ना? हेच ते."

सून दारात आली. "ओळखत नाई व्हय, मामंजी? पोरायच्या तोंडपाठ हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी त्या दिवशी हाळी दिली नसती तर आमचं हे घरच नसतं, असं मामंजी सांगतात नेहमी."

मी गावभर सुखदेवची गोष्ट हसण्यासाठी सांगत होतो आणि इथे, या घरात, माझी गोष्ट अशी सांगितली जात होती. पन्नास वर्षं.

"सुखदेव," मी म्हणालो, "पानी नव्हतं."

"आं?"

"मी हाळी दिली तवा रपट्यावर पानी नव्हतं. घोट्याएवढं होतं. तू पळाला असता तर मले हरवलं असतं. म्हनून ओरडलो. मिशीसाठी."

मग सुखदेवला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग बाज करकरली, मग तो खोकेपर्यंत हसला. सूनही पदर तोंडाला लावून हसू लागली.

"पाह्यलं? पाह्यलं?" तो प्राजक्ताला म्हणाला. "हा असाच हाय. लोक केलेला उपकार गावभर सांगतात, ह्याले उपकार लपवायले गोष्ट लागते. अबे, गाडवाटेनं येताना मी डोळ्यानं पाह्यलं ना संध्याकाळी. कमरेच्या वर होतं. बाभळी वाहून राह्यल्या होत्या."

"ते नंतर आलं. मी शपथेवर सांगून राह्यलो."

"तू सात्यांच्या गोष्टीवर बी शपथ घेतली होती." त्याने डोळे पुसले. मग हसणं थांबवून माझा हात हातात घेतला. हात लाकडासारखा, फावड्याचा. हळू म्हणाला, "वसंता, तू हजार गोष्टी खोट्या सांगशीन. मले मालूम नाई काय? पन पान्याची हाळी कोनी खोटी देते काय बे? मानूस हाय ना तू."

चहा आला. मी प्यालो. साखर जास्त होती का कमी, सांगता येणार नाही.

परत येताना अंधारून आलं होतं. नाल्यावर आता पूल आहे, लोखंडी कठडे आहेत. गावाकडे जायला तो लागत नाही, पण प्राजक्ताने तो बघायचाच म्हटलं, म्हणून कोणाच्या तरी फटफटीवर बसून गेलो तिथवर. ती कठड्याशी उभी राहून खाली बघत होती. खाली जुना रपटा अजून आहे, अर्धा मोडलेला. त्याच्यावरून पाणी वाहत होतं.

"आबा," तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा किती होतं पाणी?"

मला कमरेएवढं म्हणता आलं असतं. आता तर साक्षीला सुखदेवही होता, त्याची सून होती, सारं गाव होतं. मी म्हटलं असतं तर तिने ते आनंदाने धरलं असतं, आणि पुण्याला जाऊन मैत्रिणींना सांगितलं असतं, माझ्या आजोबांनी एका माणसाचा जीव वाचवला.

"घोट्याएवढं," मी म्हणालो.

ती हसली नाही. खाली वाकून थोडा वेळ ते पाणी बघत राहिली. मग छत्री उघडली, एकटीवर धरली, आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली. चार पावलांवर थांबून म्हणाली,

"सांभाळून या. घसरडं आहे."